शंभर खुंट्यांची फळी

हॅगडाउन कोव्ह, न्यूफाउंडलंड
१२ फेब्रुवारी

गार्लंड,

खुशाली विचारत नाही, तूही विचारू नकोस. कोण एवढं तोंड वर करून लिहितोय असं वाटू नये, म्हणून या दोन हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो.

अकरा नावा. त्यांतल्या नऊ अजून पाण्यावर आहेत. एक जळाली आणि एक मालकानं दारू पिऊन खडकावर घातली, त्यात नावेचा दोष नाही. मी राहतो ते घर, पायापासून धुराड्यापर्यंत. धुराडं दोनदा बांधलं, कारण पहिलं मला पसंत पडलं नाही. चर्चचा कठडा. आईची शवपेटी. आपल्या बहिणीची, ड्रुसिलाची शवपेटी, स्प्रूसच्या लाकडाची, आतून रंधा मारलेली. आतून कोण बघणार होतं, पण मारला. तुझ्या ट्रूडीचा पलंग. मासेमारी बंद झाली त्या साली तू अल्बर्टाच्या तेलाच्या मुलखात निघून गेलास आणि दहा वर्षांची पोर ड्रुसिलाच्या पदरात टाकलीस, त्याच आठवड्यात केला.

आणि साचे. तीन पातळ पट्ट्या. एकमेकींवर सरकवून खुणेला खूण लावली की नावेची एकेक फासळी आखता येते. घराण्याचे साचे आजोबांनी केलेले. तू थोरला म्हणून बाबांनी ते तुला दिले आणि वापरायचे कसे तेही तुलाच शिकवलं. तू ते एडमंटनला नेऊन दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेस. मी शेडच्या दारातून बघत शिकलो, आणि दारातून दिसत नव्हतं ते लाकूड वाया घालवून शिकलो. माझे साचे माझे आहेत. पण आजोबांचे ते आजोबांचे, आणि ते भिंतीवर टांगण्यासाठी नव्हते, एवढं लिहून हा विषय सोडतो.

आता कामाचं.

ट्रूडी छत्तीस वर्षांची झाली. आपली आई चव्वेचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवीच्या कॅन्सरनं गेली, ड्रुसिला एकेचाळिसाव्या वर्षी त्याच दुखण्यानं. ट्रूडीला आज काही त्रास नाही. पण आमच्या इथल्या सर्जननं घरातल्या बायकांची हकिगत ऐकली आणि म्हणाला, "वाट कशाला बघायची? पिशवी, नळ्या, अंडाशयं, सगळंच काढून टाकू. दहा एप्रिलची तारीख देतो." मी म्हटलं, घे तारीख. तिनं घेतली, पण वर म्हणाली, "काका, कापून घ्यायला माझी ना नाही. पण कशासाठी ते मला आधी कळलं पाहिजे."

म्हणून मी तिला सेंट जॉन्सला घेऊन गेलो. वाटेत दोन मूस हरणं आडवी आली. तिथं लेनोर टक नावाची समुपदेशक आहे. घराण्यात उतरणाऱ्या दुखण्यांबद्दल माणसांना समजावून सांगणं हेच तिचं काम. वय तिशीचं, बूट पुरुषी. तिनं आपल्या घराण्याचं झाड कागदावर काढलं, बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. आई आणि ड्रुसिलाचे गोल लाल पेन्सिलीनं भरले. मग विचारते, "आणि पुरुष कशानं गेले?"

मी म्हटलं, "पुरुषांचा इथं काय संबंध? आजोबा आणि आमचे वडील आतड्यानं गेले. खारवलेलं मांस खायचे."

तिनं तीच लाल पेन्सिल उचलली आणि आजोबांचा न् बाबांचा चौकोन भरला. तीच लाल.

गार्लंड, आपल्या घरात बायका 'बाईच्या दुखण्यानं' मेल्या आणि पुरुष 'खारवलेल्या मांसानं' मेले. ही दोन्ही एकच आहेत असं तीन पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. आई बाबांच्या नात्यातलीच होती हे तुला ठाऊक आहे. रक्तात एक दोष आहे. तो बापाकडून येतो तसा आईकडूनही येतो. पुरुषाच्या बहुधा आतड्यात निघतो आणि बाईच्या आतड्यात किंवा पिशवीत. ट्रूडीत तो असेल किंवा नसेल, नाणेफेकीसारखं. पण तिचं रक्त तपासताना कुठं बघायचं ते माहीत हवं. घरातल्या ज्याला दुखणं झालं त्याच्या रक्तात दोष नेमका कुठं आहे ते कळलं, तर तिच्या रक्तात तिथंच बघतात आणि छातीठोक सांगतात, आहे की नाही. ते माहीत नसेल तर 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं होत नाही. नाव गळतेय आणि कुठल्या सांध्यातून ते सांगायला कुणी तयार नाही, तसं.

आई गेली, ड्रुसिला गेली. राहिलास तू.

नाताळात तू मला फोन केलास. आवाज जड होता तुझा, पण बोललास ते स्पष्ट होतं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या आतड्यातली गाठ काढली. रक्त तपासलं, त्यात हा दोष निघाला. ट्रूडीला तू सांगितलंस की हर्नियाचं ऑपरेशन होतं. आणि माझ्याकडून शब्द घेतलास, तिला सांगणार नाही म्हणून. मी दिला, कारण तेव्हा मला वाटलं तू फक्त लाजतोयस.

सोबतच्या कागदावर सही केलीस की तुझा निकाल एडमंटनहून सेंट जॉन्सला जाईल. दोन ठिकाणी सही, एका ठिकाणी तारीख. निळ्या शाईत.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, सही असावी.

सेल्बी


५ मार्च

गार्लंड,

मला फोन न करता तू ऊना मावशीच्या दुकानात केलास, गिऱ्हाइकांसमोर मला ऐकवायला. ऐकवून झालं. मावशीला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळं ती जास्त मोठ्यानं बोलते.

"सेल्बी! गार्लंड म्हणतोय, तू आपल्या नावा ठोक, बायकांच्या पोटात डोकं घालू नकोस!"

दुकानात चौघंजण होते. पाचवा फ्रीजरमागं हसला.

मी म्हटलं, "मावशी, त्याला सांग, माझ्या नावा तरंगतात. त्याचं काय तरंगतं ते विचार."

"ते मी सांगायची नाही हं. फोनचं बिल त्याला येईल, पण पाप मला लागेल." तरी तिनं सांगितलंच. तू आपटलास फोन.

त्याआधी तू म्हणालास की सर्जनला सुरी चालवायचीच असते, गावात एकीची पिशवी काढली की सगळ्यांच्या काढत सुटतात, आणि पोरीला लेकरू होण्याआधीच तिला रिकामी करतील. यातलं शेवटचं वाक्य मावशीनं आवाज खाली आणून सांगितलं. ते मी समजू शकतो. पण त्यावर उपाय तुझ्या टेबलावर पडलाय आणि तू त्यावर कॉफीचा कप ठेवतोस.

आकडे समजत नसतील तर मी केलेली फळी सांगतो. दवाखान्यानं ट्रूडीला एक कागद दिला होता, शंभर छोट्या बायकांची चित्रं, त्यांतल्या काही रंगवलेल्या. तिनं तो घडी करून पर्समध्ये टाकला. कागदानं कुणाला काय कळतं? मी बर्चची एक फळी घेतली, दहा ओळी, ओळीत दहा भोकं, आणि शंभर खुंट्या कातल्या. एकही सैल नाही. ज्या शंभर बायकांत हा दोष असतो, त्यांतल्या चाळिसेक जणींना आयुष्यात कधीतरी पिशवीचा कॅन्सर होतो. म्हणून चाळीस खुंट्या नावेच्या लाल रंगानं रंगवल्या. दोष नसलेल्या शंभरांत होतो साधारण तिघींना. चाळीस आणि तीन. अंडाशयांचा हिशोब वेगळा, तो कमी आहे पण आहे.

चाळीस लाल खुंट्या मी पुढच्या चार ओळींत लावल्या आणि फळी टेबलावर ठेवली. ट्रूडीनं चहात डब्याचं दूध ओतलं आणि बघत राहिली.

"काका, हे कुंपण घातलंय का मला?"

"आकडे आहेत. मी काही वाढवलेलं नाही."

"वाढवलं नाहीत, पण रांगेत उभं केलंत. सैन्यासारखं." तिनं सगळ्या खुंट्या उपटल्या, ओंजळीत खळखळ हलवल्या आणि डोळे मिटून जिथं हाताला भोक लागेल तिथं खोचल्या. लाल इथं एक, तिथं दोन. डोळे उघडून म्हणाली, "आता सांगा, यांतली मी कुठली?"

"ते कसं सांगणार?"

"नाही ना सांगता येत? मग मघाशी कसं सांगत होता?" मग तिनं सदतीस लाल खुंट्या काढून चहाच्या बशीत टाकल्या, भोकं रिकामी सोडली. तीन राहिल्या. "किंवा मग मी या फळीवर आहे. ही की ती, हेच मला माहीत नाही. पहिली असेल तर मी सर्जनपुढं झोपायचा विचार करीन. दुसरी असेल तर तो मला कशाला कापतोय?"

उत्तर तुझ्या टेबलावर आहे, गार्लंड. चाळीस की तीन.

त्या लेनोर टकबद्दलही माझी तक्रार आहे, तीही तुलाच ऐकवतो, कारण तिला ऐकवायची सोय नाही. तिला मी सरळ विचारलं होतं, "बाई, ही तुमची मुलगी असती तर काय केलं असतं?"

ती म्हणाली, "माझी नाही ना. जिची गोष्ट आहे ती तुमच्या शेजारीच बसली आहे. तिला विचारा."

मग ट्रूडीच मला म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर बसा. पाच तास गाडी मी चालवली आणि बाहेर बसलो तोही मीच, माशांच्या टाकीसमोर. टाकीत मासा एकच. ती बाई पगार घेते आणि मत देत नाही. नाव बांधायला आलेल्या माणसाला मी असं म्हटलं, की बाबा, फळी जाड लावू की पातळ, तूच ठरव, तर तो दुसऱ्याकडे जाईल. परतीच्या वाटेवर मी हे बोललो. ट्रूडी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाण्यावर तो जाणार असतो, काका. तुम्ही नाही."

मी रेडिओ लावला.

सही कर. कागद हरवला असेल म्हणून दुसरा जोडलाय.

सेल्बी


२८ मार्च

गार्लंड,

सहीऐवजी पत्र आलं. दोन पानं. इतक्या वर्षांत तू मला दोन पानं कधी लिहिली नव्हतीस.

दुसऱ्या पानावर तू जे मांडलंयस, त्याचं उत्तर मी त्याच दिवशी फोनवर एका शब्दात दिलं. इथं त्याबद्दल काही लिहीत नाही, कारण गावच्या पोस्टात ट्रूडीच बसते हे तू विसरला असशील. माझ्या पाकिटांवर शिक्का तीच मारते. काल मारता मारता म्हणाली, "वडलांना एवढं काय लिहिता? माझ्यासाठी हात पसरत असाल तर पसरू नका." मी म्हटलं, हात पसरत नाही, हात उगारतोय. ती हसली नाही.

पहिल्या पानाचं उत्तर देतो. तू लिहितोस की ती तुझा द्वेष करील. म्हणेल, बापानं काही दिलं नाही आणि दिलं ते हे दिलं. अरे, रक्तातलं कुणी मोजून मापून देतं का? तुलाही ते बाबांनी दिलं, साच्यांसोबत. आजोबांनी त्यांना दिलं. त्याचा राग ती धरणार नाही. पण तुला ठाऊक असून तू गप्प बसलास हे तिला कळलं, तर धरील. आणि तेव्हा मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही.

इकडची बातमी. ट्रूडीनं दहा एप्रिलची तारीख रद्द केली.

मी ओरडलो. होय, ओरडलो. माझ्या शेडमध्ये ओरडलो, पण ऊना मावशीला ऐकू गेलं म्हणतात, म्हणजे बघ. मी म्हटलं, ड्रुसिलाच्या अंगावरून दोन वर्षं जात होतं आणि सगळे म्हणत होते, पाळी जायचं वय झालं. तुलाही तसंच बसायचंय का? कळो न कळो, काढून टाक आणि मोकळी हो!

ट्रूडी रंध्याच्या ढलप्यांत उभी होती. आवाज न चढवता बोलली, ते ओरडण्यापेक्षा वाईट.

"मोकळी? काका, छत्तिसाव्या वर्षी अंडाशयं काढली की त्याच रात्री म्हातारपण सुरू होतं. अंगाची आग होते, हाडं झिजतात, गोळ्या खाव्या लागतात. डॅरिल आणि मी चार वर्षं मुलासाठी वाट बघतोय, ते दार बंद होतं. गरज असेल तर हे सगळं मी करीन. पण फुकट करणार नाही. वडील एका बाजूनं ढकलतात, तुम्ही दुसऱ्या बाजूनं. मी काय किनाऱ्याला लागलेला ओंडका आहे?"

"तुझ्या वडलांना मध्ये आणू नकोस."

"का?"

मी रंध्याचं पातं पुसायला घेतलं. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"बरं, तुमचं रक्त? तुमच्याही बापाच्या आतड्यात होतं. तुम्ही दिलंत तपासायला?"

"मला काय धाड भरलीय?"

"हो ना. माझ्यासाठी शंभर खुंट्या कातल्यात, स्वतःसाठी एकही नाही." असं म्हणून गेली. माझा मापाचा पेन्सिलतुकडा कानावरून पडला होता, तो सापडला नाही अजून.

तर असं आहे. मी दिलेला शब्द एक मेपर्यंत पाळीन. त्यानंतर तो माझ्यावर बंधनकारक नाही. नाताळात तू जे बोललास ते मी तिला पोस्टाच्या खिडकीत उभं राहून सांगीन, मागं रांग असली तरी. सही करायला अजून महिना आहे.

सेल्बी


२२ एप्रिल

गार्लंड,

तुझ्या सहीची गरज उरली नाही.

तू वाट बघायला लावलीस, मीही वाट बघत बसलो. ट्रूडी बसली नाही. लेनोर टकनं पहिल्याच भेटीत तिला सांगून ठेवलं होतं, मी माशाकडे बघत होतो तेव्हा, की जिवंत माणूस मिळालं नाही तरी एक वाट असते. ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा एक तुकडा दवाखाने मेणात बुडवून ठेवतात. वर्षानुवर्षं. सापडेलच असं नाही, सापडला तर कामाला येईलच असंही नाही. ट्रूडीनं पोस्टाच्या फोनवरून सगळीकडे विचारत तो शोधला. ड्रुसिलाचा तुकडा सेंट जॉन्सच्या एका गोदामात, मेणात आहे.

त्याला तिच्या नवऱ्याची सही लागत होती. म्हणून आम्ही रविवारी गँडरला गेलो, अ‍ॅम्ब्रोजकडे. तो वृद्धाश्रमात असतो हे तुला माहीत असावं, तू त्याला एकदा टोपी पाठवली होतीस. ती तो घालतो.

ट्रूडीनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ तिच्या बोटांशी खेळत बसला. मग म्हणाला, "ड्रूचा तुकडा? अजून आहे?"

"आहे, काका. मेणात ठेवलाय."

"थंडी नाही ना वाजत तिला?"

ट्रूडी म्हणाली, "नाही. उबेत आहे." मी खिडकीकडे गेलो. बाहेर बर्फ उकरणारी गाडी होती, ती बघितली.

"कशाला पाहिजे तो?"

"त्यावरनं मला कळेल, माझ्यातही तेच आहे का."

"मग घे की," म्हातारा म्हणाला. "तिनं तुला काय नाही म्हटलं असतं? बेकॲपलच्या मुरंब्याचा शेवटचा चमचासुद्धा तुलाच द्यायची. मी मागायचो तर चमच्यानं मारायची."

त्यानं सही केली. पूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट, हात कापत होता तरी एकही अक्षर रेघेखाली गेलं नाही. तुझ्या त्या कागदावर दोन सह्या पाहिजे होत्या. त्यानं एका दुपारी केलं ते तुला दोन महिन्यांत जमलं नाही. तुझा हात थरथरत नाही, गार्लंड. तुझं दुसरंच काहीतरी थरथरतं.

मला एक गोष्ट टोचत राहिली. ड्रुसिलाची शवपेटी मी केली, तिच्या मापाची. तिच्यात ती पुरती नव्हती हे मला एकोणीस वर्षांनी कळलं. आधी चीड आली. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. मग गाडीत ट्रूडी म्हणाली, "आत्या बघा, सगळ्यांच्या आधी उपयोगी पडली." ती दिवंगत. आपण दोघं जिवंत.

तुझा शब्द मी पाळतोय. आता तो पाळायला काही मोल पडत नाही, म्हणून पाळतोय.

सेल्बी


९ सप्टेंबर

गार्लंड,

तू एकदाही विचारलं नाहीस, तरी लिहितो, कारण गावात कळेल आणि मग तुला ऊना मावशीकडून कळेल, आणि तिच्याकडून कळलेलं कुणालाच कळू नये.

ड्रुसिलाच्या तुकड्यात दोष सापडला. मग ट्रूडीच्या रक्तात नेमकं तिथं बघितलं. तिथं आहे.

सेंट जॉन्सला यावेळी डॅरिल तिच्याबरोबर गेला, खेकड्यांचा हंगाम संपला होता. परत आल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात बसली, फळी पुढं ओढली आणि बशीतल्या लाल खुंट्या एकेक करून परत लावल्या. चाळीस होईपर्यंत. घाई केली नाही. मी सूप ढवळत होतो. ढवळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"आत्याकडून मला येणार नाही," ती म्हणाली. "आत्याकडे ते आजीकडून नाहीतर आजोबांकडून आलं. माझ्याकडे बाबांकडूनच आलं. दुसरी वाटच नाही."

"नाही."

"त्यांचा तो हर्निया. हर्निया नव्हता ना?"

मी सूप ढवळत राहिलो. माझ्या न बोलण्यातून तिला सगळं कळतं, लहानपणापासून.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

हो म्हटलं. नाही म्हणता आलं असतं. तुझ्या शब्दाचं पांघरूणही घेता आलं असतं. पण तिच्यापुढं फळी होती आणि त्या फळीवर एकही खुंटी खोटी नव्हती.

"कधीपासून?"

"नाताळापासून."

तिनं आपला कप धुतला, पालथा घातला आणि निघून गेली. त्यानंतर तीन आठवडे तिनं माझ्या पाकिटांवर शिक्के मारले आणि सुटे पैसे परत दिले, बस. तुझ्यासाठी मी पाळलेल्या शब्दाची किंमत मी भरली. तुला पावती पाठवत नाही.

मग एका सकाळी ती शेडमध्ये आली आणि रंधा मारायच्या बाकावर बसली. म्हणाली, "ठरलं. विचारू नका, सांगते ते ऐका." मी रंधा ठेवला.

एक वर्ष. पुढच्या सप्टेंबरपर्यंत ती आणि डॅरिल मुलासाठी प्रयत्न करणार. मधल्या काळात दवाखान्यात जाऊन पिशवीच्या आतला कण काढून तपासून घेणार. आतडंही तपासणार, कारण तिकडेही धोका आहे. मूल राहिलं तर ते झाल्यावर, नाही राहिलं तर त्या सप्टेंबरात, पिशवी, नळ्या आणि अंडाशयं, सगळं काढायचं. तारीख सर्जनची नाही, तिची. तपासणीनं कॅन्सर टळत नाही, फार तर लवकर कळतो. हेही तिला ठाऊक आहे. मुलात तोच दोष जाण्याची शक्यता निम्मी, तेही ठाऊक आहे. त्यावर ती आणि डॅरिल दोन रात्री बोलले म्हणे, काय बोलले ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. न विचारण्याची सवय मला नवीन आहे.

एक मात्र विचारलंच. "आणि या वर्षातच झालं तर?"

"तर झालं," ती म्हणाली. "पण काका, आत्याला झालं ते अंधारात झालं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी डोळे उघडे ठेवून वर्षभर थांबतेय. तुम्हाला दोन्ही सारखंच दिसतं, पण नाही."

मला ते पटलेलं नाही. मी आजच काढायला लावलं असतं. तू कधीच काढू दिलं नसतंस. म्हणून टाळ्या वाजवू नकोस; ती थांबतेय ते तुझं ऐकून नाही. तुझं आणि माझं दोघांचंही तिनं ऐकलं नाही, आणि त्या लेनोर टकनं तर काही सांगितलंच नाही. त्या बाईबद्दलचं माझं मत अजून चांगलं नाही. पण तिच्या खोलीत ट्रूडी दोनदा गेली आणि दोन्ही वेळा जाताना होती त्यापेक्षा ताठ होऊन घरी आली, एवढं मी पाहिलं आहे.

उठताना ट्रूडीनं बाकावर एक बंद पाकीट ठेवलं. रक्त तपासायला द्यायचं पत्र, माझ्या नावाचं. "सही दोन ठिकाणी," ती म्हणाली. "निळ्या शाईत." तेव्हा कळलं की तुला पाठवलेल्या कागदाची एक प्रत तिनं कधीच बघितली होती. पोस्टात बसणाऱ्या माणसाला पाकीट उघडावं लागत नाही, उजेडाकडे धरलं की पुरतं.

मी सही केली. रक्त दिलं. निकाल यायचा आहे, आणि तो काहीही असो, आतड्याची तपासणी मी करून घेणार आहे. तुला कळवायचं की नाही ते तेव्हा ठरवीन.

ट्रूडी तुला स्वतः फोन करणार आहे. कधी ते तिनं सांगितलं नाही. कॉफी संपवून, नीट बसून बोल. हर्निया हा शब्द तोंडातून काढू नकोस.

आता राहिलं ते एकच. तुझ्या मार्चमधल्या पत्राचं दुसरं पान माझ्याकडे आहे. पहिल्या पानात ते गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. उजेडाकडे धरूनही त्यातलं काही दिसत नाही, मी बघितलं. ट्रूडीला ते दाखवलेलं नाही आणि दाखवणार नाही. सांगायचं असेल तर तूच सांग, तो तुझा भाग. पण उद्या म्हातारपणी तू म्हणशील की मी असं काही म्हटलंच नव्हतं, किंवा सेल्बीनं जास्त मागितलं म्हणून फिसकटलं. म्हणून लिहून ठेवतो.

मी ट्रूडीला फक्त एवढं सांगायचं होतं की तुझी तपासणी झाली आणि तीत काही निघालं नाही.

त्याबद्दल तू देणार होतास ते असं: आजोबांचे साचे, तिन्ही पट्ट्या, त्यांच्या हातच्या खुणांसकट, मला कायमचे, आणि वर चोवीस हजार डॉलर.

मी नको म्हटलं.

सेल्बी